आधी भिंत, मग व्होल्ट

कॉर्डलेस ड्रिल हे बॅटरीवर चालणारे, हातात धरून भोक पाडायचे यंत्र. घरात मात्र त्याचा बराचसा वेळ स्क्रू पिळण्यात जातो. कपाटाच्या सैल झालेल्या बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनल, दाराची कडी, खोक्यातून सुटे भाग होऊन आलेले टेबल, मच्छरदाणीची चौकट ही त्याची नेहमीची कामे. भिंतीला भोक पाडायची वेळ त्या मानाने क्वचित येते: पडद्याचा रॉड, टीव्हीचा ब्रॅकेट, पाण्याचा फिल्टर, एखादी मांडणी. पण फजिती होते ती या क्वचितच्या कामातच, आणि यंत्र कोणते घ्यावे हेही त्यावरूनच ठरते. दुकानदार व्होल्टपासून सुरुवात करतो. गिऱ्हाइकाने सुरुवात करायला हवी ती घरच्या भिंतीपासून.

विजेवर चालणारे हातातले ड्रिल सव्वाशे वर्षांपेक्षा जुने आहे. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने ते 1895 मध्ये बनवले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली चाप, हा आजचा ओळखीचा घाट ब्लॅक अँड डेकर या अमेरिकी कंपनीचा. त्याचे पेटंट 1917 चे. याच कंपनीने 1961 मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरीवरचे बिनवायरचे ड्रिल बाजारात आणले. पुढे चंद्रावर नेलेल्या ड्रिलच्या बांधणीतही तिचा हात होता. 1971 मध्ये अपोलो 15 च्या मोहिमेत त्या ड्रिलने पाडायची भोके ठरलेल्या खोलीपर्यंत गेलीच नाहीत, कारण चंद्राची माती वाटली होती त्यापेक्षा घट्ट निघाली. घरगुती ड्रिलमध्ये खरा फरक पडला तो 2005 च्या सुमारास, लिथियम-आयन बॅटरी अवजारांत आल्यावर. त्याआधीच्या बॅटऱ्या जड होत्या, महिनाभर पडून राहिल्या की आपोआप उतरत आणि नेमक्या कामाच्या दिवशी दगा देत. क्वचित वापर करणाऱ्या घराला कॉर्डलेस परवडण्याजोगे झाले ते या बदलामुळे.

महाराष्ट्रात आणि गोव्यात घराच्या भिंती एका जातीच्या नाहीत. जुन्या इमारतींत भाजक्या विटांच्या भिंती आणि त्यांना आधार देणारे आरसीसीचे खांब-तुळया असतात. कोकणात आणि गोव्यात जांभ्या चिऱ्याची घरे आहेत. गेल्या दीड-दोन दशकांतल्या बऱ्याच इमारतींत विटेऐवजी एएसी ब्लॉक वापरले आहेत. हे पांढरट, हलके, आत हवेचे बुडबुडे असलेले ठोकळे. मुंबई, ठाणे, पुणे इथल्या नव्या टॉवरांत ॲल्युमिनियमच्या साच्यांत सगळ्या भिंती काँक्रीटच्याच ओतण्याची पद्धत रुळली आहे. बांधकामवाले तिला ‘मायवन’ म्हणतात. अशा घरात हॉलपासून बाथरूमपर्यंत जवळजवळ प्रत्येक भिंत काँक्रीटची असते, आणि फ्लॅट घेणाऱ्याला हे कळते ते पहिली फ्रेम लावताना.

भिंत ओळखायला बोटाच्या पेरांनी ठोकून पाहणे ही पहिली परीक्षा, पण प्लास्टरमुळे ती फसवी ठरू शकते. खरी साक्ष देते भोकातून पडणारी भुकटी. सुरुवातीचा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर प्लास्टरचा करडा किंवा जिप्समचा पांढरा चुरा येतो. त्यापुढचा रंग पाहायचा. लाल भुकटी विटेची. मैद्यासारखी मऊ, पांढरट भुकटी आली आणि बिट सहज आत शिरले, तर एएसी ब्लॉक. तांबूस-पिवळट, थोडी ओलसर खडबडीत भुकटी चिऱ्याची. करडी भुकटी पडते आहे, बिट गरम होते आहे आणि पुढे काही सरकत नाही, तर ते काँक्रीट.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. विटेच्या घरातही खिडकीच्या डोक्यावर काँक्रीटचे लिंटेल किंवा तुळई असते, आणि पडद्याचा रॉड लागतो तो नेमका तिथेच. म्हणजे ‘आमच्या भिंती विटेच्या आहेत, साधे ड्रिल चालेल’ हा हिशेब पहिल्या पडद्यापाशीच चुकतो. कपडे वाळत घालायच्या छताच्या दांड्या तर सरळ स्लॅबमध्येच ठोकायच्या असतात, आणि तेही मान वर करून, स्टुलावर उभे राहून.

म्हणून बाजारात कॉर्डलेस नावाने मिळणाऱ्या यंत्रांतला फरक आधी समजून घ्यावा लागतो. सगळ्यात लहान तो 3.6 व्होल्टचा स्क्रूड्रायव्हर. तो फर्निचर जोडायला पुरतो. भिंतीशी त्याचा संबंध नाही. त्यावरचा साधा ड्रिल-ड्रायव्हर फक्त फिरतो. लाकूड, प्लायवूड, पत्रा, ॲल्युमिनियम आणि एएसी ब्लॉक ही त्याची हद्द. तिसरा प्रकार हॅमरची सोय असलेल्या ड्रिलचा. दुकानात त्याला ‘इम्पॅक्ट ड्रिल’ म्हणतात, आणि त्याच्या रिंगवर हातोडीचे चित्र असते. या ड्रिलच्या आत दातेरी कडांच्या दोन चकत्या असतात. त्या एकमेकींवर घासत उड्या मारतात आणि बिटाला मिनिटाला वीस-वीस हजार बारीक धक्के देतात. धक्के पुष्कळ, पण प्रत्येक अगदी हलका. शिवाय मागून हाताने रेटा दिला तरच चकत्या नीट लागतात. वीट आणि चिऱ्यापुरते हे पुरते. काँक्रीटमध्ये 6 मिलिमीटरची दोनचार भोके दमछाक करून निघतात.

चौथा प्रकार रोटरी हॅमरचा. याच्यात पिस्टन हवा दाबतो आणि ती दाबलेली हवा आतल्या ठोक्याला फेकते. मिनिटाला ठोके चार-पाच हजारच पडतात, पण लहान यंत्रातही प्रत्येक ठोका दीड-दोन जूलचा असतो. रेटा द्यावा लागत नाही; यंत्राला नुसते धरून ठेवायचे. त्याला एसडीएस नावाचे, खाचा असलेल्या दांड्याचे बिट लागते. काँक्रीटसमोर इम्पॅक्ट ड्रिल आणि रोटरी हॅमर यांतला फरक उन्नीस-बीसचा नाही. पहिल्यात माणूस घामाघूम होतो तिथे दुसरे काही सेकंदांत भोक पाडून मोकळे होते.

नावांच्या गोंधळातला सर्वांत महाग पडणारा घोटाळा ‘इम्पॅक्ट ड्रायव्हर’चा. इम्पॅक्ट ड्रिल म्हणून तो घरी आणला जातो, कारण तो आखूड, सुबक आणि आकड्यांत जबरदस्त दिसतो. त्याचे धक्के मात्र फिरण्याच्या दिशेने असतात, बिटाच्या टोकाच्या दिशेने नसतात. लांब स्क्रू आणि गच्च बसलेले बोल्ट यांसाठी तो उत्तम आहे. भिंतीला भोक पाडायला तो निरुपयोगी.

आता व्होल्ट. लिथियम-आयनचा एक सेल सरासरी 3.6 व्होल्ट देतो; पूर्ण चार्ज केल्यावर तो 4.2 पर्यंत चढतो. तीन सेल एकापुढे एक जोडले की 10.8 व्होल्ट होतात, आणि यालाच ‘12 व्होल्ट’ म्हणून विकतात. पाच सेल जोडले की 18 व्होल्ट. काही कंपन्या या पाच सेलांच्याच बॅटरीवर ‘20 व्होल्ट मॅक्स’ असे छापतात. 18 आणि 20 मध्ये त्यामुळे काहीही फरक नाही. एकाने सरासरी सांगितली, दुसऱ्याने शिखर. ऑनलाइन बाजारात स्वस्त यंत्रांवर ‘48 व्हीएफ’, ‘88 व्हीएफ’ असे स्टिकर दिसतात. त्यांच्या आतही बहुधा तेच पाच सेल असतात, कधी त्याहून कमी. हा आकडा वाचायच्याच लायकीचा नाही.

दुसरा आकडा ॲम्पिअर-तासांचा. व्होल्टला त्याने गुणले की बॅटरीत किती ऊर्जा साठते ते वॉट-तासांत कळते. 18 व्होल्ट आणि 2 ॲम्पिअर-तास म्हणजे 36 वॉट-तास. ‘12 व्होल्ट’ची तेवढ्याच ॲम्पिअर-तासांची बॅटरी साधारण 22 वॉट-तासांची. घरकामाला 2 ॲम्पिअर-तास भरपूर झाले. 4 किंवा 5 ची बॅटरी जास्त टिकते, पण तिच्यात सेलांच्या दोन रांगा असल्याने ती जडही होते, आणि हात उंच करून काम करताना ते वजन मनगटाला जाणवते. 12 व्होल्टचे यंत्र बॅटरीसह सुमारे एक किलोचे, 18 व्होल्टचे दीड ते दोन किलोचे. घरात ते कोण कोण वापरणार आणि त्यांच्या मुठीत ते नीट मावते का, हे दुकानात हातात धरूनच पाहावे.

तिसरा आकडा टॉर्कचा, म्हणजे पिळाच्या जोराचा; तो न्यूटन-मीटरमध्ये देतात. 12 व्होल्टची चांगली यंत्रे साधारण 30 च्या आसपास, 18 व्होल्टची 50 च्या आसपास असतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा ‘हार्ड’ टॉर्कचा असतो, म्हणजे पोलादात पोलाद अडकून यंत्र एकदम थांबते तेव्हाचा. लाकडात स्क्रू पिळताना कामी येतो तो ‘सॉफ्ट’ टॉर्क, आणि तो पुष्कळदा निम्माच असतो. बिजागरीला आणि प्लायवूडला मुळात इतका जोर लागतही नाही. उलट जोर जास्त असला आणि बिट अडकले, तर यंत्रच हातात उलटे फिरते; मोठ्या ड्रिलला बाजूची मूठ देतात ती त्यासाठीच, आणि ती लावूनच वापरायची.

घरगुती वापरात सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे तो क्लच, म्हणजे तोंडामागची आकड्यांची रिंग. ठरावीक जोर गाठला की क्लच ‘कट्-कट्’ असा आवाज करून सुटतो आणि बिट फिरायचे थांबते. स्क्रू पिळताना लहान आकड्यापासून सुरुवात करून, स्क्रूचे डोके पृष्ठभागाशी बसेपर्यंत एकेक आकडा वाढवत न्यायचा. घाईत बहुतेकजण रिंग ड्रिलच्या चिन्हावर ठेवूनच स्क्रू पिळतात. मग स्क्रूच्या माथ्यावरची फुली झिजते किंवा पार्टिकल बोर्डातले आटे जातात. एकदा आटे गेले की त्या भोकात तोच स्क्रू पुन्हा धरत नाही. म्हणून क्लचच्या पायऱ्या निदान पंधरा तरी असाव्यात आणि चाप कमी-जास्त दाबल्यावर वेग त्याप्रमाणे बदलावा. जो चाप फक्त चालू-बंद करतो तो घेऊच नये. दोन गिअर हवेत: मिनिटाला चारशेच्या आसपास फेऱ्यांचा पहिला स्क्रूसाठी, तेराशे-पंधराशेचा दुसरा भोकांसाठी. बिट धरणारे तोंड, म्हणजे चक, 10 मिलिमीटरचे असले तरी घरातली बहुतेक कामे निघतात. 18 व्होल्टच्या यंत्रांना बहुधा 13 चे येते.

ब्रशलेस मोटरची जाहिरात बरीच होते. जुन्या धर्तीच्या मोटरमध्ये कार्बनचे ठोकळे घासत वीज पोहोचवतात. ते झिजतात आणि बदलावे लागतात. ब्रशलेसमध्ये ते काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करते, म्हणून बॅटरी जास्त पुरते आणि मोटर कमी तापते. रोज आठ तास वापरणाऱ्या सुताराला याचा मोबदला मिळतो. महिन्यातून एकदा पेटी उघडणाऱ्या घराला कार्बन बदलण्याची वेळ येईलच असे नाही.

यंत्रावर खर्च करून बिटांत काटकसर करणे ही नेहमीची चूक. यंत्राबरोबर फुकट येणारे बिटांचे संच बहुधा दिखाऊ असतात. भिंतीला टंगस्टन कार्बाइडचे टोक असलेले मेसनरी बिट लागते, लाकडाला मधोमध अणकुचीदार टोक असलेले, पत्र्याला एचएसएस म्हणजे हायस्पीड स्टीलचे. एचएसएसचे बिट भिंतीत घातले की पहिल्याच भोकात बोथट होते. हॅमरचे यंत्र असूनही भोक पडत नसेल, तर आधी बिट बदलून पाहावे. घरासाठी 6 आणि 8 मिलिमीटरची दोन चांगली मेसनरी बिटे आणि पीएच 2 क्रमांकाची स्क्रूची टोके घेतली की बरेचसे काम भागते.

भोक आणि गिट्टी, म्हणजे भोकात बसवून स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी, यांचे माप एकच असते: 6 च्या गिट्टीला 6 चे बिट. खोली मात्र गिट्टीच्या लांबीपेक्षा पाच-दहा मिलिमीटर जास्त हवी आणि गिट्टी प्लास्टरच्या पलीकडे, मूळ भिंतीत बसायला हवी. नुसत्या प्लास्टरमध्ये बसलेली गिट्टी भरलेल्या मांडणीच्या वजनाने पापुद्र्यासकट बाहेर येते. खोली राखायला बिटावर चिकटपट्टीची खूण करतात. एएसी ब्लॉकमध्ये हॅमर बंद ठेवायचा, नाही तर भोक ऐसपैस होते आणि गिट्टी नुसती फिरत राहते. या ब्लॉकांसाठी लांब आणि रुंद पाकळ्यांच्या नायलॉन गिट्ट्या वेगळ्या मिळतात. चिऱ्यात आतल्या आत पोकळ्या असतात, म्हणून तिथेही लांब गिट्टी बरी. टाइलवर चिकटपट्टी लावून, हॅमर बंद करून, टाइलच्या बिटाने हळू वेगात सुरुवात करावी. टाइल पार झाली आणि मागची भिंत लागली की मगच हॅमर. काँक्रीटमध्ये बिट अचानक अडून धातूचा आवाज आला तर ती सळई असते; जोर न करता भोक सरकवावे. काही नव्या इमारतींच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी तारा असतात. तिथे छताला भोक पाडण्याआधी सोसायटीकडे किंवा बिल्डरकडे चौकशी करणे अगदी आवश्यक आहे. स्विच आणि प्लगच्या सरळ वर-खाली वायरिंग असण्याची शक्यता सर्वाधिक, म्हणून त्या रेषेत भोक टाळायचे. कॉर्डलेसचा इथे मोठा फायदा म्हणजे मेन स्विच बंद ठेवूनही काम करता येते. डोळ्यांवर चष्मा प्रत्येक वेळी हवाच; छताला भोक पाडताना तर सगळा चुरा तोंडावरच येतो.

हे सगळे जमेस धरले की निवड फार अवघड राहत नाही. वीट, चिरा किंवा एएसीच्या घराला हॅमरची सोय असलेले 12 व्होल्टचे यंत्र बहुतेक वेळा पुरे. लिंटेलवर पडदे आणि अधूनमधून स्लॅबची कामेही करायची असतील तर 18 व्होल्टचे इम्पॅक्ट ड्रिल घ्यावे. मायवनच्या काँक्रीट घरात मात्र 18 व्होल्टच्या इम्पॅक्ट ड्रिलवर पैसे घालण्यापेक्षा स्क्रूंसाठी लहान, हॅमरविना 12 व्होल्टचे यंत्र घ्यावे आणि भिंतीसाठी वायरचे रोटरी हॅमर शेजाऱ्याचे, भाड्याचे किंवा चार घरांत मिळून घेतलेले वापरावे. वर्षाला पाच-सहा भोके एवढेच काम असेल आणि घरात फर्निचर जोडायची हौस नसेल, तर वायरचे इम्पॅक्ट ड्रिल हीच शहाणपणाची खरेदी: किंमत पुष्कळ कमी, आणि दोन वर्षे पेटीत पडून राहिले तरी त्याची बॅटरी मरत नाही, कारण ती नसतेच.

बॅटरीचा विचार खरेदीच्या वेळीच करावा लागतो, कारण एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसत नाही. पुढे त्याच बॅटरीवर चालणारा ब्लोअर किंवा गवत कापायचे यंत्र घ्यायचे असेल, तर आजची कंपनी हीच उद्याची कंपनी. खोक्यात बॅटरी आणि चार्जर आहेत की नुसते यंत्र, हेही वाचून घ्यावे. नुसते यंत्र स्वस्त दिसते आणि वेगळी घेतलेली बॅटरी त्या सगळ्या बचतीवर पाणी फिरवते. गावात किंवा जवळच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का आणि काही वर्षांनी तीच बॅटरी सुटी मिळेल का, हे दोन प्रश्न टॉर्कच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहेत.

परदेशातून नातेवाइकांनी ड्रिल आणण्याची पद्धत मराठी घरांत आहेच. अमेरिकेत घरगुती वीज 120 व्होल्टची, भारतात 230 ची. तिकडच्या चार्जरवर ‘इनपुट’च्या ओळीत 100 ते 240 लिहिले असेल तर फक्त पिनेचा प्रश्न उरतो, नुसते 120 लिहिले असेल तर तो इथे थेट लावताच जळतो. आखाती देशांतल्या चार्जरला ही अडचण येत नाही, कारण व्होल्टेज जवळजवळ सारखेच आहे. विमानात ड्रिल केबिनमध्ये नेता येत नाही, ते चेक-इन सामानात टाकावे लागते. सुट्या बॅटऱ्यांचा नियम उलटा, त्या हातातल्याच सामानात हव्यात आणि 100 वॉट-तासांपर्यंतच्या असाव्यात. 18 व्होल्ट, 5 ॲम्पिअर-तासांची बॅटरी 90 वॉट-तासांची, म्हणून चालते. 6 ची 108 भरते आणि तिला विमान कंपनीची आधी परवानगी लागते.

लिथियम-आयनला उष्णतेचे वावडे आहे. चार्जिंगसाठी साधारण 40 अंशांपर्यंतचे तापमान ठीक. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याखालचा माळा त्याच्या पुष्कळ वर जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीची डिकीही. बॅटरी घरातल्या थंड, कोरड्या जागी, निम्मी चार्ज करून आणि यंत्रापासून काढून ठेवावी. तीनचार महिन्यांनी एकदा पाहून गरजेपुरती भरावी. पूर्ण उतरलेल्या अवस्थेत वर्षभर पडलेली बॅटरी पुन्हा चार्ज घेईलच असे नाही. काम संपल्यावर गरम असतानाच तिला चार्जरला लावू नये, पाऊण तास थांबावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात चक आणि बिटे गंजतात. पेटीत ठेवताना त्यांवर तेलाचा हात फिरवला की पुरते. निकामी झालेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नसते, कारण चेपली गेली किंवा तिची टोके जोडली गेली तर ती पेट घेऊ शकते. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा टोकांवर चिकटपट्टी लावून ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी.